नागपूरच्या धंतोलीतील पक्षाघात पुनर्वसन केंद्र: आठ महिन्यांनंतर लिहिलेला अभिप्राय

माझे वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत. वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला, ज्याला आपल्याकडे सगळे लकवाच म्हणतात, आणि गेले आठ महिने आम्ही त्यांना धंतोलीतील या पुनर्वसन केंद्रात नेत आहोत. सुरुवातीला आठवड्यातून पाच दिवस जात होतो, मग तीन दिवस, आता दोन. ज्यांच्या घरावर नुकताच हा प्रसंग ओढवला आहे, हातात रुग्णालयाचा सुटीचा कागद आहे, पण पुढे काय करायचे हे कोणीच नीट सांगितलेले नाही, त्यांच्यासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. केंद्र चांगले आहे आणि अवश्य जावे. मात्र पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात.

त्या दिवशी पहाटे बाबा उठले तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. साखर कमी झाली असेल असे समजून आम्ही त्यांना साखरपाणी पाजले आणि थोडा वेळ पडून राहू दिले. ज्याला गिळता येते की नाही हेच ठाऊक नाही अशा माणसाला पाणी पाजणे किती धोक्याचे असते, हे फार नंतर कळले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि झोपेतून उठताना लक्षणे दिसली तर रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून वेळ मोजतात, ही माहिती आम्हाला अपघात विभागाच्या दारात मिळाली. बाबा रात्री दहाला झोपले होते. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद झाली होती, त्यामुळे उजवी बाजू आणि बोलणे दोन्ही गेले. रुग्णालयाने जीव वाचवला, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु नवव्या दिवशी सुटी देताना कागदावर औषधांच्या यादीखाली ‘फिजिओथेरपी’ एवढा एकच शब्द लिहिलेला होता. कोणाकडे, किती दिवस, घरी उठवायचे कसे, खायला काय द्यायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नव्हते.

पुढचे दोन आठवडे आम्ही जे केले त्यात बरेच चुकीचे होते. एजन्सीकडून आलेला मदतनीस बाबांना पलंगावरून उठवताना उजव्या दंडाला धरून ओढत असे, आणि तीच पद्धत योग्य असावी असे समजून मी आणि माझा भाऊही तसेच करू लागलो. बाबांचा खांदा दुखू लागला. ते रात्रभर कण्हत, पण काय दुखते ते सांगू शकत नसत.

केंद्रातील पहिली तपासणी दीड तास चालली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सगळ्यात आधी आम्हाला सांगितले की बाबांना खुर्चीवरून पलंगावर तुम्ही रोज नेता तसेच न्या, मी फक्त पाहते. आम्ही हात धरला, तोच त्यांनी थांबवले. स्नायूंचा ताण गेल्यावर दंडाचे हाड खांद्याच्या खोबणीतून खाली लोंबू लागते आणि अशा हाताला ओढले की सांधा आणखी निखळतो, हे त्यांनी माझ्याच खांद्यावर बोट ठेवून दाखवले. त्यानंतर कमरेला रुंद पट्टा कसा बांधायचा, आपल्या गुडघ्याने रुग्णाच्या अधू गुडघ्याला आधार कसा द्यायचा, त्यांना पुढे वाकायला लावून मग कसे उभे करायचे, बसल्यावर उजव्या हाताखाली उशी कशी ठेवायची, हे सारे शिकवले. आणि नुसते दाखवून न थांबता माझ्या आईकडून सहा वेळा करून घेतले. आई ६३ वर्षांची आहे आणि तिची उंची पाच फुटांच्या आत आहे. सहाव्या वेळी तिने बाबांना एकटीने उभे केले. दहा-बारा दिवसांत खांद्याचे दुखणे निम्म्याने कमी झाले, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र किंवा इंजेक्शन लागले नाही.

या केंद्राचे खरे मोल मला इथेच वाटते. व्यायामाचा तास दिवसातून एकच असतो आणि उरलेले २३ तास रुग्ण घरच्यांच्या हाती असतो, याची जाणीव इथल्या प्रत्येक माणसाला आहे. दर पंधरा दिवसांनी ते आम्हाला घरचा व्यायाम समोर करून दाखवायला लावतात आणि चुका सुधारतात. चुका सुधारण्याचा हा भाग शिकवण्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण घरच्यांना एकदा शिकवून मोकळे होण्याने भागत नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. तिच्यात कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडूनच पुनर्वसन करून घेतले गेले, आणि सहा महिन्यांनंतर पाहता नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत त्याचा विशेष लाभ दिसला नाही. म्हणून कोणी तुम्हाला व्यायामाचा व्हिडिओ पाठवून घरीच करून घ्या असे सांगत असेल, तर त्यावर समाधान मानू नका.

गिळण्याची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. चहाचा घोट घेतला की बाबांना ठसका लागत असे आणि आम्ही तो साधा ठसका समजत होतो. पातळ पदार्थ घशातून फार वेगाने खाली जातात, अधू स्नायू तेवढ्या वेळात श्वासनलिका बंद करू शकत नाहीत आणि घोट फुप्फुसाकडे वळतो, त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, हे स्पीच थेरपिस्टनी समजावले. सकाळचे पोहे त्यांनी ताबडतोब बंद करायला लावले, कारण सुटा कोरडा दाणा तोंडात गोळा होत नाही. पातळ वरणातला भातही बंद झाला, कारण पाणी आणि दाणा एकाच घासात सांभाळणे अशा रुग्णाला सर्वांत कठीण जाते. त्याऐवजी ज्वारीची दाटसर आंबील, घोटलेले मुगाचे वरण, कुस्करलेले केळ असा आहार ठरला. ताठ बसवून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून, लहान चमच्याने भरवायचे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. हे नियम बाबांची तपासणी करून त्यांच्यापुरते ठरवलेले आहेत, तेव्हा कोणी ते जसेच्या तसे उचलू नयेत. मला दाखवायचे आहे ते इतकेच की हा सल्ला आमच्या स्वयंपाकघरातल्या पदार्थांच्या नावांनी दिला गेला. छापील आहारतक्ता आम्हाला आधीही मिळाला होता, आणि त्यात ओट्स व सूप लिहिलेले होते.

बोलण्याविषयी मला थोडे सावकाश सांगायचे आहे. बाबांना समोरच्याचे सगळे समजत होते, पण त्यांच्या तोंडून एकच शब्द येत असे, ‘चला’. पाणी हवे असले तरी चला, पाय दुखला तरी चला, राग आला तरी चला. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली ज्या रुग्णावरून मेंदूतील वाचेचे केंद्र दाखवून दिले तो रुग्णही ‘टॅन’ एवढाच उच्चार करीत असे, आणि ही अवस्था वैद्यकाला तेव्हापासून परिचित आहे, हे ऐकल्यावर आम्हाला थोडा धीर आला, कारण तोवर नातेवाईक बाबांना भ्रम झाला असे बोलू लागले होते. या आजाराला वाचाघात म्हणतात. बुद्धी शाबूत असते, शब्दापर्यंत जायची वाट तुटलेली असते.

थेरपिस्टनी आधी अंक आणि वार म्हणवून पाहिले. काही निघाले नाही. मग त्यांनी बाबांच्या नोकरीची चौकशी केली. बाबांनी नागपूरचे गणेशपेठ बसस्थानक ते अमरावती या मार्गावर कितीतरी वर्षे काढली आहेत, हे आईने सांगितले. तिसऱ्या सत्रात थेरपिस्टनी बाबांच्या डाव्या तळहातावर बोटाने ठेका धरला आणि थांब्यांची नावे कंडक्टर ज्या लांब हेलात पुकारतो त्याच हेलात म्हणायला सुरुवात केली, ‘वाडी... बाजारगाव...’ आणि त्या थांबल्या. बाबांचे ओठ हलले. ‘कोंढाळी,’ ते म्हणाले. मग ‘कारंजा’, मग ‘तळेगाव’, आणि तिवसा, मोझरी, नांदगाव पेठ करीत ते अमरावतीपर्यंत गेले. आई पदर तोंडाला लावून खोलीबाहेर निघून गेली. पक्षाघातानंतर ३४ व्या दिवशी आम्ही बाबांचा ‘चला’ सोडून दुसरा शब्द ऐकला.

त्याच वेळी थेरपिस्टनी आम्हाला हुरळून जाऊ दिले नाही, हे मला विशेष सांगावेसे वाटते. हजारो वेळा म्हटलेली ओळ, पाढे किंवा आरती ही घोकलेली भाषा असते आणि ती मेंदूत वेगळ्या वाटेने जपली जाते. ती परत आली म्हणजे बोलणे परत आले असे नाही, मात्र तिचा शिडीसारखा उपयोग करता येतो. त्याप्रमाणे त्यांनी पुढचे दोन महिने काम केले. आधी थांबे एकत्र म्हणायचे, मग मधला एक थांबा गाळायचा, मग ‘कोंढाळीनंतर काय?’ असे विचारायचे, आणि शेवटी ‘कुठे जायचे?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळवायचे. सोबत मराठीतला एक चित्रफलक करून दिला, ज्यावर पाणी, चहा, संडास, दुखते, पंखा, झोप अशी बारा चित्रे आहेत. आज बाबा दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतात. क्रियापदे अजून गळतात.

हाताच्या कामातही हीच दृष्टी होती. रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी तिसऱ्या महिन्यात, उजव्या बोटांत थोडी हालचाल आल्यावर, चामड्याची एक जुनी खांद्याची बॅग आणली, तिच्यात एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी एकत्र टाकली आणि बाबांना न बघता पाचचे नाणे काढायला सांगितले. पहिल्या दिवशी एका नाण्याला चार मिनिटे लागली. अंगठा नाण्यावरून घसरायचा, नाणे बॅगेच्या शिवणीत अडकायचे, कपाळावर घाम यायचा. पण प्लास्टिकचे शंकू एकावर एक रचताना पाच मिनिटांत मान फिरवणारे बाबा या कामाला पाऊण तास बसले. आता ते सुट्टे मोजून भाजीवाल्याला देतात. याशिवाय आरशाचा व्यायाम शिकवला: डावा हात आरशासमोर हलवायचा, उजवा आरशामागे ठेवायचा, म्हणजे मेंदूला उजवाच हलतो आहे असे दिसते. चेन्नईत वैद्यक शिकलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी तुटलेल्या हाताच्या भासमान वेदनांसाठी वापरलेली ही युक्ती पुढे पक्षाघातातही वापरली जाऊ लागली. त्यासाठी केंद्राने तयार पेटी विकत घ्यायला सांगितले नाही. आमच्या सुताराने प्लायवूड आणि आरसा वापरून ती घरीच करून दिली.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार पैशांची आहे. एका तासाचे ६०० रुपये हा दर मला अवाजवी वाटत नाही, पण सुरुवातीलाच वीस सत्रांचे पैसे एकदम भरावे लागतात आणि मध्ये खंड पडला तर परत मिळत नाहीत. बाबांना तापामुळे आठ दिवस जाता आले नाही, तेव्हा पाच सत्रे बुडाली आणि बरीच विनवणी केल्यावर त्यांतली तीन पुढे सरकवून मिळाली. हा नियम पावतीच्या मागे इंग्रजीत छापलेला आहे, समोरच्या टेबलावर कोणी सांगत नाही.

दुसरी तक्रार यंत्राची. हाताला रोबोटचा मोजा चढवून व्यायाम देणारे एक यंत्र इथे आहे, त्याचे वेगळे ९०० रुपये घेतात आणि व्यवस्थापनातील मंडळी त्याचा आग्रह धरतात. यंत्र निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, परंतु ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबोटच्या साहाय्याने केलेल्या व्यायामामुळे हाताचा वापर नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारला नव्हता. आम्ही चार सत्रे घेऊन ते थांबवले. त्यानंतरही थेरपिस्टच्या वागण्यात काही फरक पडला नाही, ही समाधानाची बाब आहे.

जागेविषयीही नाराजी आहे. दारासमोरचा उतार इतका चढा आहे की व्हीलचेअर एकट्याने ढकलता येत नाही, आणि धंतोलीच्या गल्लीत दुतर्फा उभ्या असलेल्या गाड्यांमुळे रिक्षा दारापर्यंत येईलच याची खात्री नसते. प्रतीक्षेच्या खोलीत हात असलेल्या खुर्च्या दोनच आहेत, त्या किमान दहा हव्यात, कारण हात नसलेल्या खुर्चीवरून आमच्या लोकांना उठता येत नाही. मे महिन्यात दुपारची वेळ घेऊ नका. सकाळी सातची मागा, आणि ती मिळावी म्हणून महिनाभर आधी नाव लिहून ठेवा. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनच दिवस येतात, हे वाचाघाताच्या रुग्णासाठी फार कमी आहे.

शनिवारी अकरा वाजता इथे घरच्या माणसांची बैठक असते, तिचे शुल्क नाही. मी पहिले दोन महिने तिकडे फिरकले नाही, आणि ती माझी चूक झाली. तिथे एकमेकांना विचारायला लाज वाटणारे प्रश्न विचारले जातात: लघवीची पिशवी किती दिवस, रात्री किती वेळा कूस बदलायची, चिडून ताट फेकणाऱ्या नवऱ्याशी कसे बोलायचे. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि त्यावर औषध असते, हे तिथे कळले म्हणून आम्ही बाबांना वेळेत मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. भिंतीवर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत. एका बैठकीत गावाकडून आलेल्या एका सुनेने कबुतराच्या रक्ताच्या मालिशीचा विषय काढला. समुपदेशक तिला रागावल्या नाहीत. त्यांनी तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही असे सांगितले आणि मग रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना, असे विचारले. ती तीन आठवड्यांपासून बंद होती. दर चार पक्षाघातांपैकी एक हा आधी होऊन गेलेल्या माणसालाच पुन्हा झालेला असतो, हे ऐकून ती तशीच उठली आणि फोन लावायला बाहेर गेली. माझी आई या बैठकीत आधी गप्प बसायची, आता नव्याने येणाऱ्यांना पट्टा बांधून दाखवते.

ज्यांना इथले शुल्क परवडत नाही त्यांना केंद्र स्वतःहून दुसरे रस्ते सांगते, हे मी फार कमी खासगी ठिकाणी पाहिले आहे. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे दोन्ही विभाग आहेत आणि तिथे नाममात्र शुल्कात उपचार होतात. मिहानजवळचे एम्स आहे. दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे समेकित क्षेत्रीय केंद्र नागपुरातच आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) यांची माहितीही इथेच मिळाली. मेंदूच्या आजारात अपंगत्वाची टक्केवारी साधारणपणे आजार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनंतर ठरवतात, त्यामुळे त्याआधी घाईने अर्ज करून हेलपाटे घालू नका; मात्र सुटीचा कागद, स्कॅनचा अहवाल आणि आधार यांच्या प्रती तोवर तयार ठेवा. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. बाबांचे कार्ड घरी आले तेव्हा त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले. एसटीत अशी कार्डे तपासून सवलतीचे तिकीट फाडण्याचे काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलेले आहे. मग ते कार्ड त्यांनी डाव्या हाताने शर्टाच्या खिशात ठेवले आणि खिसा वरून दाबला.

सहाव्या महिन्यापासून आम्ही रिक्षा सोडून मेट्रोने जातो, आणि हाही सल्ला फिजिओथेरपिस्टचाच. सुभाषनगरला बसायचे, सीताबर्डीला गाडी बदलायची आणि काँग्रेसनगरला उतरायचे. लिफ्ट आहे, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत, त्यामुळे पायाचा स्प्लिंट लावलेल्या माणसाला हे जमते. स्थानकापासून केंद्रापर्यंत मात्र रिक्षा लागतेच. पहिल्या दिवशी एका मुलीने उठून जागा दिली, पण बाबा बसले नाहीत. डाव्या हाताने दांडा धरून, पाय थोडे फाकवून ते चालत्या गाडीत सीताबर्डीपर्यंत उभे राहिले. मी त्यांच्या कमरेचा पट्टा मुठीत धरून मागे उभी होते, पण ओढ एकदाही लागली नाही.

सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला आमचे सत्र असते. उजवा खांदा सुधारला आहे, मनगट अजून आखडते, आणि त्यासाठी बोटॉक्सचे इंजेक्शन द्यावे का हे पुढच्या तपासणीत ठरणार आहे. नवीन येणाऱ्यांनी पहिल्या दिवशी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: बुडालेल्या सत्रांचे काय, स्पीच थेरपिस्ट कोणत्या दिवशी असतात, आणि घरी करायचा व्यायाम मराठीत लिहून मिळेल का. आम्हाला तो आधी इंग्रजीत मिळाला होता. मागितल्यावर ताईंनी हाताने, चित्रे काढून, दोन पानांवर मराठीत लिहून दिला, आणि ती पाने आजही आमच्या फ्रिजच्या दारावर लावलेली आहेत.